पालवा बंदराची गोष्ट

मालाडहून मार्व्याकडे जाताना वाटेत खारोडी गाव लागते. तिथल्या खाणीतून पूर्वी पिवळसर दगड निघे. तो दगड मुंबईत कुठे लागला, ठाऊक आहे का? 'गेटवे ऑफ इंडिया' या मोठ्या कमानीला लागला! कमान ज्या धक्क्यावर आहे, त्याचे नाव पालवा बंदर. त्याची गोष्ट वाचू या.

हवा खाण्याची जागा

फार पूर्वी ही कोळ्यांची जागा होती. 'पाल' म्हणजे एक प्रकारचे होडके. त्यावरून 'पालवा' नाव पडले, असे सांगतात. इंग्रजांच्या जिभेला ते नाव वळेना. त्यांनी त्याचे 'अपोलो' केले. पुढे सरकारने 'वेलिंग्टन धक्का' असे नाव ठेवले. पण लोकांच्या तोंडी जुनेच राहिले.

विलायतेत लोकांना समुद्रावर फिरता यावे, म्हणून मुद्दाम लांब धक्के बांधत. ब्रायटन गावी १८९९ साली उघडलेला असा धक्का आजही आहे. आपल्या पालवा बंदरावर दोन्ही कामे होत. बोटीतून माणसे उतरत, आणि संध्याकाळी लोक वारा खायला येत. १९०३ साली समोरच ताजमहाल हॉटेल उघडले.

राजा आला, कमान नव्हती

२ डिसेंबर १९११ रोजी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी या बंदरावर उतरली. त्याची आठवण म्हणून कमान बांधायची होती.  पण मजा पाहा, राजा आला तेव्हा कमानीचा पत्ताच नव्हता! तात्पुरता मंडप उभारून त्याचे स्वागत केले.

मग समुद्र हटवून भराव घातला. नवी भिंत बांधली. पाया पुरा व्हायला १९२० साल उजाडले. कमानीचा नकाशा जॉर्ज विटेट यांनी काढला. दगड खारोडीचा, तर जाळ्या ग्वाल्हेरच्या. घुमट ४८ फूट रुंद आणि जमिनीपासून ८३ फूट उंच. खर्च आला सुमारे २१ लाख रुपये. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉयने, म्हणजे राजाच्या इथल्या प्रतिनिधीने, कमान उघडली.

कमानीसमोर सरळ रस्ता करायचा होता. पैसे पुरले नाहीत, रस्ता राहून गेला. म्हणून आजही कमान रस्त्याला तिरकी दिसते.

कमानीवर राजाराणीचे नाव कोरले आहे. दगड फोडणाऱ्यांचे, घडवणाऱ्यांचे नाव मात्र कुठेच नाही.

आले तिथूनच गेले

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून चालत गेली आणि बोटीत चढली. राजाच्या मानासाठी बांधलेली कमान, राज्य गेल्याची साक्षीदार झाली! २६ जानेवारी १९६१ रोजी कमानीजवळ शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला.

आता बंदर आपले

आता इथे कुणीही यावे, बसावे, वारा खावा. इथूनच घारापुरीच्या लेण्यांना आणि मांडव्याला बोटी जातात.

बंदर आपले, तशी काळजीही आपलीच. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसे गेली. म्हणून बोटीत बसताच लाइफ जॅकेट, म्हणजे पाण्यावर तरंगवणारे जाकीट, मागून घ्या. ते अंगात घाला, पट्टे नीट बांधा. मुलांना आधी घाला. बोटीत फार गर्दी असली तर चढू नका, पुढच्या बोटीने जा. किती माणसे घ्यायची याची पाटी असली, तर ती वाचा. आता तुम्हांला वाचता येते!

आणि कधी तिथे गेलात, तर कमानीच्या दगडाला हात लावून पाहा. तो आपल्या मालाडकडचा आहे.

सांगा पाहू

१. 'पालवा' हे नाव कशावरून पडले?
२. राजा उतरला त्यानंतर किती वर्षांनी कमान उघडली?
३. कमान रस्त्याला तिरकी का आहे?
४. तुमच्या गावचा दगड, वाळू किंवा लाकूड कुठे कुठे लागले आहे? घरातल्या वडील माणसांना विचारा आणि चार ओळी लिहा.