रोव्हर घडविणारे विद्यार्थी

चंद्रयान-३ मोहिमेतील सुमारे २६ किलोग्रॅम वजनाचा 'प्रज्ञान' रोव्हर ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर चालला आणि 'रोव्हर' हा शब्द खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत पोहोचला. दुसऱ्या ग्रहावर किंवा उपग्रहावर फिरून छायाचित्रे घेणारी व तेथील माती-खडकांची परीक्षा करणारी चाकांची गाडी म्हणजे रोव्हर. असे रोव्हर बांधण्याचे काम आता केवळ अंतराळ संस्थांपुरते मर्यादित राहिलेले नाही. अनेक देशांतील विद्यापीठांचे विद्यार्थीही स्पर्धांच्या निमित्ताने ते करीत असतात. या उपक्रमातून शिक्षणक्षेत्राने व प्रशासनाने काय घ्यावे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

स्पर्धेचे स्वरूप

'युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज' ही या प्रकारची एक प्रमुख स्पर्धा होय. 'मार्स सोसायटी' या संस्थेने ती २००७ मध्ये सुरू केली. अमेरिकेच्या यूटा राज्यातील हँक्सव्हिल गावाजवळच्या वाळवंटात ती भरते. तेथील तांबूस, खडकाळ व ओसाड भूमीचे मंगळाच्या पृष्ठभागाशी बरेच साम्य आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या पथकानेही या स्पर्धेत भाग घेतला आहे.

स्पर्धेतील कामे मुख्यतः चार प्रकारची असतात. मातीचे नमुने घेऊन त्यांत जीवसृष्टीच्या खुणा शोधणे, खडतर वाटेने वस्तू उचलून नेणे, यांत्रिक हाताने कळा दाबणे वा खण उघडणे, आणि माणसाच्या मदतीशिवाय ठरलेले ठिकाण गाठणे. रोव्हर चालविणाऱ्या विद्यार्थ्यांना तो प्रत्यक्ष दिसत नाही. बंद कक्षात बसून, कॅमेऱ्यांतून येणाऱ्या चित्रांवरच त्यांना विसंबून राहावे लागते. पृथ्वी व मंगळ यांमधील अंतरानुसार संदेश एका बाजूने पोहोचण्यास सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणूनच रोव्हरने काही निर्णय स्वतः घेणे का आवश्यक आहे, हे स्वयंचलित मार्गक्रमणाच्या कामावरून विद्यार्थ्यांना उमगते.

रचनेतील युक्ती

मंगळावर १९९७ मध्ये उतरलेल्या 'सोजर्नर'पासून पुढील अनेक रोव्हरना 'रॉकर-बोगी' पद्धतीची सहा चाके आहेत. प्रत्येक बाजूस एक मोठा दांडा व त्याला सांध्याने जोडलेला एक लहान दांडा असतो. मोठ्या दांड्याच्या एका टोकास एक चाक असते व लहान दांड्यास दोन. एक चाक दगडावर चढले, तरी दांडे सांध्यांतून फिरतात आणि उरलेली चाके जमीन सोडत नाहीत. दोन्ही बाजूंचे दांडे मधोमध एकमेकांशी जोडलेले असल्याने गाडीचा मुख्य भाग निम्म्यानेच कलतो. या रचनेत स्प्रिंगही लागत नाही. स्पर्धेतील अनेक पथके याच तत्त्वाचा आधार घेतात.

मर्यादेचे शिक्षण

कोणत्याही एका कामासाठी उतरविलेल्या रोव्हरचे वजन ५० किलोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा स्पर्धेचा नियम आहे. खर्चासही मर्यादा असते. यांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यास हात मजबूत हवा असतो, विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यास बॅटरी मोठी हवी असते, तर जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीस तपासणीची पेटी ठेवावयास जागा हवी असते. प्रत्येकाची मागणी रास्त असते, पण सर्व मागण्या एकाच वेळी मान्य होऊ शकत नाहीत. कशास अग्रक्रम द्यावयाचा हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक ज्यांनी तयार केले आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावयास नको.

ज्ञानाचे हस्तांतरण

तथापि, अशा पथकापुढील सर्वांत कठीण प्रश्न यंत्राचा नसतो. अनुभवी झालेले विद्यार्थी दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात व त्यांच्या जागी नवखे येतात. कोणती मोटार उन्हात तापली, कोणता सांधा वाळूने अडला, कोणती जोडणी का बदलली, हे लिहून ठेवलेले नसेल तर नव्या पथकास त्याच चुका पुन्हा कराव्या लागतात. पोलंडमधील बियाविस्तोक तंत्रविद्यापीठाच्या पथकांनी २०११, २०१३ व २०१४ मध्ये ही स्पर्धा जिंकली. असे सातत्य एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या बळावर टिकणे अवघड आहे, त्यासाठी अनुभव पुढच्या तुकडीच्या हाती सोपविला जावा लागतो. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना केवळ दप्तर दिले आणि त्यामागील कारणे सांगितली नाहीत, तर काय होते, हे शासकीय सेवेतील वाचक जाणतातच.

शाळेत काय करता येईल?

एवढा मोठा रोव्हर प्रत्येक शाळेस परवडणार नाही, हे उघड आहे. परंतु लाकडी पट्ट्या, बाटल्यांची सहा झाकणे व काही खिळे यांतून रॉकर-बोगीचा लहान नमुना करता येतो. तो पुस्तकांच्या चळतीवरून ओढून पाहावा आणि चार चाकांच्या साध्या गाडीशी त्याची तुलना करावी. गावातील सुतार किंवा वेल्डर यांना एक दिवस शाळेत बोलवावे. ग्रामपंचायतीने साहित्याचा किरकोळ खर्च उचलल्यास उत्तमच.

मात्र नमुन्यासोबत एक वहीही अवश्य ठेवावी. काय केले, काय मोडले व का मोडले, याची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः करावी आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीच वही वाचून कामास आरंभ करावा. नमुना एखाद्या वर्षात मोडून जाईल, परंतु वही वर्षानुवर्षे वाढत राहील.