दाताचा मोठा खर्च सांगितला, तर दुसरं मत कसं घ्यावं

दाताच्या खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडलेल्या माणसाला खर्चाचा नीट विचार करता येत नाही. डोळ्यांवर दिवा, गालात कापूस, आणि कानावर पडतं, ‘एक रूट कॅनाल, त्यावर कॅप, चार फिलिंग, एक अक्कलदाढ काढावी लागेल, हिरड्यांची खोलवर सफाई. साधारण सत्तर हजार होतील.’ तेवढ्यात बाहेरच्या टेबलावर हप्त्यांचा फॉर्म तयार असला, तर सही होऊन जाते. म्हणून पहिलं काम खुर्चीतून उठण्याचं. उठून बसा, चूळ भरा आणि म्हणा, ‘डॉक्टर, खर्च मोठा आहे, घरी बोलून सांगतो. मला सगळं लिहून द्याल का?’ एवढं पुरतं. कारणं देत बसू नका. आजच्या आज ॲडव्हान्स भरला तर सूट, असं कुणी म्हणालं तरी आज भरू नका. चार दिवसांत तुमच्या दातांची परिस्थिती फारशी बदलत नाही.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड पूर्ण न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. पडून किंवा मार लागून पक्का दात मुळासकट निघाला असेल, तर तो दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात डॉक्टरांकडे पोहोचायला हवं. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही आणि डॉक्टर तुकडा तपासायला सांगत असतील, तर तेही पुढे ढकलू नका. तंबाखू, मिश्री किंवा सुपारीची सवय असेल तर मुळीच नाही. आणि रात्रभर ठणका असेल तर दुखणं आधी थांबवून घ्या. ‘आज फक्त ठणका थांबवा, कॅपचं आणि बाकीचं नंतर ठरवू,’ असं सांगता येतं. वेदनेत असलेला माणूस चांगला निर्णय घेऊ शकत नाही. आणखी एक लक्षात असू द्या. गोळ्यांनी ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, असं नसतं. दुसरं मत तरीही आठवड्याभरात घ्या.

आता कागद. तीन गोष्टी मागा. पहिली, प्रत्येक दाताला काय झालंय आणि त्यावर काय करायचं, हे दातागणिक लिहिलेलं. नुसती बेरीज नको. दुसरी, एक्स-रे. हल्ली बहुतेक दवाखान्यांत डिजिटल एक्स-रे काढतात. त्याची फाइल ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो धूसर येतो, त्यावरून बारीक कीड दिसत नाही. तिसरी, हिरड्यांचे उपचार सांगितले असतील तर हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची मापं. एक ते तीन मिलिमीटर फट साधारण निरोगी समजतात. चार आणि त्यापुढे लक्ष द्यावं लागतं. मापं न घेताच ‘डीप क्लीनिंग’ सांगितलं असेल, तर दुसरीकडे ती मापं घ्यायला लावा.

हे कागद मागण्यात अवघडण्यासारखं काही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्वतःच्या नोंदी मिळण्याचा आणि दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. नीट काम करणारे डॉक्टर यावर नाराज होत नाहीत. बरेच जण स्वतःच सांगतात की एकदा दुसऱ्याला दाखवून या.

कागदावर ४६, ३६, १८ असे आकडे असतील. ते एकदा समजून घेतले की दोन डॉक्टरांचं बोलणं जुळवून पाहता येतं. तुमची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. हा पहिला आकडा. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. म्हणजे ४६ ही खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, आणि १८ ही वरची उजवी अक्कलदाढ. दुधाच्या दातांचे आकडे ५१ पासून ८५ पर्यंत असतात. घरी आरशासमोर उभं राहून कागदावरचा प्रत्येक दात शोधा. कुठला दुखतो, कुठला शिवशिवतो आणि कुठल्याचा काहीच त्रास नाही, ते समोर लिहा. त्रास नसलेल्या दातावर मोठा उपचार सांगितला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं तिथेच विचारायचं आहे. त्रास नाही म्हणून तो दात चांगलाच, असं मात्र धरू नका. मुळाशी साचलेला पू कधी कधी दुखत नाही आणि फक्त एक्स-रेमध्येच दिसतो.

कुणाकडे जायचं? पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या मित्राकडे नको, त्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेतही नको. उपचार रूट कॅनालचा असेल तर त्यातली एमडीएस केलेल्या तज्ज्ञांकडे, हिरड्यांचा असेल तर हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे, इम्प्लांट, ब्रिज किंवा कवळीचा असेल तर प्रोस्थोडॉन्टिस्टकडे. प्रत्येक दंतवैद्याची राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक दवाखान्यात किंवा कागदावर दिसला पाहिजे.

मला स्वतःला सर्वांत योग्य वाटणारी जागा म्हणजे दंत महाविद्यालय. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. पुणे, नाशिक, वर्धा, लोणी इथे खासगी महाविद्यालयांचीही रुग्णालयं आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. नवीन रुग्णाला आधी निदानाच्या विभागात पाठवतात. तिथे विद्यार्थी तपासतो, पण योजना अध्यापकांना दाखवूनच पक्की होते. अर्धा दिवस जातो, हे खरं. पण तुमच्या दातावर कॅप बसली काय आणि नाही काय, तिथे बसलेल्या अध्यापकाच्या पगारात फरक पडत नाही. तुम्हाला हवं आहे ते असंच मत. उपचार तिथेच घ्या असंही नाही. मत घेऊन परत या.

मोबाइलवरून फोटो पाठवून घेतलेल्या मताला दुसरं मत म्हणता येत नाही. दात ठोकून पाहावा लागतो, थंड लावून पाहावा लागतो, हिरडीत पट्टी घालून फट मापावी लागते.

दुसऱ्या डॉक्टरांसमोर काय बोलता, त्यावर या मताची किंमत ठरते. आत जाऊन पहिल्याचा आकडा सांगू नका, आणि ‘त्यांनी रूट कॅनाल सांगितलंय, खरंच लागेल का?’ असंही विचारू नका. असं विचारलं की समोरचा डॉक्टर तोंडाआधी पहिल्याचं मत तपासू लागतो. मग एक तर भिडेपोटी ‘बरोबर आहे’ म्हणतो, नाही तर तुम्ही आपल्याकडे यावं म्हणून ते खोडून काढतो. दोन्हींचा तुम्हाला उपयोग नाही. म्हणा, ‘माझी पूर्ण तपासणी करा, कुठे काय दिसतंय ते सांगा. हे एक्स-रे अलीकडचे आहेत.’ एक्स-रे जरूर द्या. तोच तो पुन्हा काढायला नको, पण स्पष्ट दिसत नसेल आणि दाताचा एक छोटा एक्स-रे परत काढायचा म्हणाले तर घाबरू नका, त्यातला किरणांचा डोस फार थोडा असतो. त्यांची यादी आणि त्यांचा खर्च लिहून झाला, की मगच पहिला कागद काढा आणि जिथे फरक आहे तेवढ्या दातांबद्दल विचारा. ‘४६ ला तुम्ही फिलिंग म्हणता, तिथे रूट कॅनाल सुचवलं होतं. एक्स-रेमध्ये मला दाखवाल का?’

आता तुलना. ती दातागणिक करा, बेरजेची करू नका. सत्तर हजार आणि चाळीस हजार यांतला फरक कधी दरांचा असतो, कधी कॅपच्या पदार्थाचा, कधी निदानाचा. यातल्या फक्त निदानाच्या फरकासाठी तुम्ही एवढी धावपळ केली आहे.

१९९७ साली विल्यम एकेनबार्गर या अमेरिकी पत्रकाराने ‘रीडर्स डायजेस्ट’साठी २८ राज्यांतल्या ५० दंतवैद्यांकडे जाऊन आपलं तेच तोंड तपासून घेतलं. सर्वांत कमी खर्च ५०० डॉलरच्या आत निघाला, सर्वांत जास्त जवळजवळ ३० हजार. हे वाचून सगळे डॉक्टर लुटारू आहेत असं ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दाताच्या वरच्या कडक थरापुरती मर्यादित कीड फ्लोराइडच्या पेस्टने आणि नीट घासण्याने थांबू शकते. एक डॉक्टर म्हणतो, भरून टाकू. दुसरा म्हणतो, सहा महिन्यांनी पाहू. दोघेही प्रामाणिक असू शकतात. पण ड्रिल एकदा फिरलं की दात पहिल्यासारखा होत नाही. म्हणून अशा दाताबाबत मी वाट पाहण्याच्या बाजूने आहे. मात्र पुन्हा तपासणीची तारीख ठरलेली हवी, आणि त्या दिवशी जायलाच हवं.

रूट कॅनालबाबत एक ढोबळ खूण. थंड पाणी लागल्यावर कळ येऊन काही सेकंदांत गेली, तर आतली नस बहुधा वाचलेली असते. कळ रेंगाळत असेल, गरमाने वाढत असेल, रात्री आपोआप उठत असेल, तर नस वाचणं कठीण. दोघांपैकी कुणी थंड लावून पाहिलं, हे आठवा. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर बहुतेकदा कॅप लागतेच, कारण ती चावताना फुटू शकते. पुढच्या दातावर ती दर वेळी लागतेच असं नाही. दात काढावाच लागला तर इम्प्लांट, ब्रिज आणि काढ-घाल करायची कवळी, या तिन्हींबद्दल विचारा. ब्रिजसाठी शेजारचे दात घासून बारीक करावे लागतात. इम्प्लांटला हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्यांनी हे गणित आधी मांडावं.

लहान मुलाच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल सांगितलं असेल तर विचारा, ही दाढ पडायला किती अवकाश आहे? मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ वाचवण्यात अर्थ आहे, अकराव्या वर्षी हलू लागलेल्या दाढेबद्दल तसं म्हणता येणार नाही. आई-वडिलांना ‘सगळे दात काढून इम्प्लांट’ सांगितलं असेल, तर दुसरं मत घ्यायला त्यांना एकटं पाठवू नका. सोबत जाताना मधुमेहाचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी औषधं आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधं, वर्षाकाठी घ्यायचं इंजेक्शनसुद्धा, दात काढण्याआधी डॉक्टरांना माहीत असायलाच हवीत.

दोन मतं अगदी उलटी आली, तर त्या एकाच दातापुरतं तिसरं मत संबंधित तज्ज्ञाचं घ्या. चौथ्या-पाचव्याकडे जाऊ नका. त्यात महिने जातात आणि तोवर फिलिंगने भागणारा दात रूट कॅनालपर्यंत पोहोचतो. रूट कॅनाल अर्ध्यावर उघडून तात्पुरतं भरलेलं असेल, तर घाई आणखी जास्त. ते तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांचं असतं.

ठरलं की ज्यांच्याकडे उपचार घ्यायचा त्यांना क्रम विचारा. दुखरा आणि पू असलेला दात आधी, मग कीड, मग हिरड्या स्थिर झाल्यावर कॅप आणि इम्प्लांट. दात पांढरे करणं, सरळ करणं सगळ्यांत शेवटी. पैसेही त्याच टप्प्यांनी द्या. पहिल्या डॉक्टरांचंच मत बरोबर निघालं तर निःसंकोच त्यांच्याकडेच जा, दुसरीकडे दाखवून आलो हे सांगायलाही हरकत नाही. उपचार संपल्यावर रूट कॅनालनंतरचा एक्स-रे, कॅपचं वॉरंटी कार्ड, इम्प्लांटच्या कंपनीचं नाव आणि माप लिहिलेला स्टिकर मागून घ्या आणि जुन्या एक्स-रेंसोबत एका फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात त्या इम्प्लांटचा स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कुठलं अवजार लावायचं ते त्या स्टिकरवरून कळतं.