लायसन्सला बसणाऱ्यांसाठी : आधी ‘कशावरून?’ विचारा

अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवर काम करायचं तर लायसन्स लागतं. पदवी, प्रशिक्षण आणि फील्डमधला अनुभव हे सगळं गाठीशी आल्यावर चेकलिस्ट, लेखी परीक्षा, वॉकथ्रू, सिम्युलेटर आणि शेवटी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या समितीपुढे मुलाखत, असा तो रस्ता आहे. वरच्या पदावर जाताना तो पुन्हा चालावा लागतो, आणि हातात आलेलं लायसन्सही मुदतीचंच असतं. हा रस्ता मी उमेदवार म्हणून चाललो आणि पुढे केंद्राच्या अंतर्गत तोंडी परीक्षांना परीक्षक म्हणूनही बसलो. हुशार मुलं कुठे अडकतात हे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहायला मिळालं. बहुतेक जण एकाच जागी अडकतात: उत्तर पाठ असतं, पण ते कशाच्या आधारावर उभं आहे हे त्यांनी कधी तपासलेलं नसतं.

आमच्या बॅचमधला एक जण लेखी परीक्षेत सगळ्यांच्या पुढे असायचा. हॉस्टेलवर जुन्या प्रश्नांच्या झेरॉक्स एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात. त्या त्याने अक्षरशः पचवल्या होत्या. कोणत्या दाबाला कोणता अलार्म, कोणत्या तापमानाला कोणता ट्रिप, सगळं जिभेवर. चेकलिस्टवरच्या सह्याही त्याने झपाट्याने मिळवल्या. यातल्या बऱ्याच सह्या वरिष्ठांनी कॅन्टीनमध्ये, चहाच्या टेबलावर केल्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चेकलिस्टमधली एकेक ओळ म्हणजे एकेक उपकरण जागेवर जाऊन पाहणं, त्याची लाइन हाताने शोधत शेवटपर्यंत जाणं. तिथे सही आधी मिळाली की पाय प्लांटमध्ये जातच नाहीत.

अंतिम मुलाखतीत त्याला एक साधा प्रश्न आला. स्टीम जनरेटरची पातळी भरपूर दिसते आहे, पण फीडवॉटरपेक्षा वाफेचा प्रवाह जास्त आहे. काय समजाल? त्याने पातळी जास्त झाल्यावर करायच्या कृती क्रमाने सांगितल्या, एकही न चुकता. समितीने विचारलं, “पातळी जास्त आहे, कशावरून?” तो म्हणाला, “इंडिकेशनवरून.” “इंडिकेशन कशावर चालतं?” डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटरवर, हे त्याला येत होतं. त्या ट्रान्समीटरच्या रेफरन्स लेगमधलं पाणी गळून गेलं तर पातळी खरी असेल त्यापेक्षा जास्त दिसते, हेही त्याने इन्स्ट्रुमेंटेशनच्या पेपरात कधीतरी लिहिलं होतं. पण या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्याच नव्हत्या. आत पाणी येतंय कमी, वाफ जातेय जास्त, तरी पातळी वरच टिकून आहे, हे अशक्य आहे, म्हणजे कुणीतरी खोटं दाखवतंय, एवढं एक वाक्य समितीला हवं होतं. ते आलं नाही आणि त्याला परत पाठवलं. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आज परीक्षकाच्या नजरेने पाहताना तो निर्णय मला पूर्ण योग्य वाटतो, कारण त्याने सांगितलेल्या क्रमातलं पहिलंच पाऊल फीडवॉटर कमी करण्याचं होतं.

हा प्रश्न कुणाच्या लहरीतून आलेला नाही. २८ मार्च १९७९ ला पहाटे अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये असंच घडलं. फीडवॉटर बंद पडलं, दाब वाढला, प्रेशरायझरवरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि नंतर बंद व्हायच्या वेळी अडकून उघडाच राहिला. पॅनलवरच्या दिव्याने मात्र तो बंद असल्याचं सांगितलं, कारण दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता, बंद हो म्हणून गेलेला विजेचा संदेश दाखवत होता. गळतीमुळे दाब खाली येत होता आणि प्रेशरायझरमधली पातळी मात्र वर चढत होती. प्रेशरायझर पाण्याने काठोकाठ भरू द्यायचा नाही, हे ऑपरेटरांच्या प्रशिक्षणात पक्कं घोटलेलं. त्यांनी आत येणारं आणीबाणीचं पाणी कमी केलं. त्याच लाइनवरचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ गेला, आणि गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला. ते सगळे लायसन्सधारक होते, अनुभवी होते.

आपल्या २२० मेगावॉटच्या युनिटला प्रेशरायझर नाही, दाब फीड आणि ब्लीडवर राखला जातो, म्हणून हा अपघात अभ्यासक्रमाबाहेरचा आहे असं म्हणणारे उमेदवार मला भेटले आहेत. कृपा करून असं म्हणू नका. रिॲक्टरमधून बाहेर पडणारं जड पाणी साधारण २९३ अंशांना असतं आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ८७ किलोच्या आसपास. ते उकळू नये म्हणून तो दाब आहे. त्या तापमानाला कोणत्या दाबाखाली उकळी फुटेल हे तुमच्या डोक्यात तयार असायला हवं. दाब आणि तापमान ही जोडी एकत्र वाचायची सवय लागली, की एकटी पातळी तुम्हाला फसवू शकत नाही. वाफेचे तक्ते परीक्षेपुरते न ठेवता त्यातले तुमच्या प्लांटला लागू पडणारे आठ-दहा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

प्रत्येक सिस्टिमच्या तयारीत ‘कशावरून?’ विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आम्ही दोघं-तिघं मिळून एक पद्धत वापरायचो, ती अजूनही मला सगळ्यांत उपयोगी वाटते. एकाने कोऱ्या कागदावर फ्लोशीट आठवणीने काढायची. मॉडरेटर असो की शटडाउन कूलिंग, पंप, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर, सगळी इंडिकेशन. मग दुसऱ्याने त्यातलं एक इंडिकेशन खोडायचं आणि विचारायचं, आता हीच गोष्ट आणखी कशावरून कळेल? मग एका एअर-ऑपरेटेड व्हॉल्व्हवर बोट ठेवायचं. हवा गेली तर उघडेल की बंद होईल? आणि डिझायनरने तसंच का ठरवलं? मग वीज. हा पंप कोणत्या क्लासवर? क्लास फोर म्हणजे बाहेरच्या ग्रिडची वीज, थ्रीला डिझेल जनरेटरचा आधार, टू इन्व्हर्टरवरची, वन बॅटरीवरची. प्रत्येक क्लास गेल्यावर या कागदावरचं काय काय उरतं? एका संध्याकाळी एकच सिस्टिम होते अशा वेगाने, पण झालेली सिस्टिम विसरत नाही.

या चार क्लासचं उत्तर लेखी परीक्षेत सगळेच छान लिहितात: फोर गेली की डिझेल जनरेटर सुरू होतात आणि थ्री परत येते. पण ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोऱ्याच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची दोन पाती तुटली, थरथरीने जनरेटरची हायड्रोजन सीलं निकामी झाली, हायड्रोजन पेटला आणि आग केबलांच्या वाटेने पसरली. वीज होती की नव्हती हा प्रश्नच राहिला नाही, कारण ती नेणाऱ्या केबलच जळाल्या. चारही क्लास गेले आणि सुमारे १७ तास केंद्र पूर्ण अंधारात होतं. धुरामुळे कंट्रोल रूम सोडावी लागली. रिॲक्टर आधीच ट्रिप केलेला होता, पण ट्रिप झाल्याने उष्णता संपत नाही. ऑपरेटरांनी डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप सुरू करून स्टीम जनरेटरना पाणी दिलं. आत जड पाणी पंपाविना, थर्मोसायफनने फिरत राहिलं. टॉर्चच्या उजेडात वर चढून काही जणांनी हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि मॉडरेटरमध्ये बोरॉन सोडलं, म्हणजे रिॲक्टर थंड होताना पुन्हा क्रिटिकल होऊ नये. किरणोत्सर्गाची गळती झाली नाही. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

त्या रात्रीच्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच वॉकथ्रूला मी कधी सवलत दिली नाही. व्हॉल्व्ह कोणत्या एलिव्हेशनला, कोणत्या जिन्याने, हँडव्हील कुठल्या बाजूला, ते फिरवायला किती जोर लागतो, तिथे उभं राहायला जागा आहे का, हे फ्लोशीटवर कुठेच छापलेलं नसतं. रात्रपाळीतला फील्ड राउंड ही त्यासाठी सोन्यासारखी वेळ आहे. राउंडला निघताना रोज एक लाइन ठरवा आणि ती टाकीपासून टाकीपर्यंत चाला. अर्थात आखलेला राउंड आधी, अभ्यास नंतर. आणि रेडिएशन झोनमध्ये केवळ शिकण्यासाठी जास्तीचा डोस घेऊ नका. ज्या खोल्यांत युनिट चालू असताना जाता येत नाही, त्या शटडाउनमध्येच पाहून ठेवाव्या लागतात. परीक्षा जवळ आली म्हणून त्या उघडत नाहीत, तेव्हा शटडाउनच्या दिवसांत रजा टाकण्याआधी दोनदा विचार करा.

सिम्युलेटरवर वेगळीच अडचण येते. ट्रिप झाला की पॅनलच्या सगळ्या विंडो एकदम पेटतात, भोंगा वाजतो, आणि उमेदवार धावत पुढे जाऊन कुठल्यातरी हँडस्विचला हात घालतो. पहिले काही क्षण हात मागे ठेवा. रिॲक्टर खरंच ट्रिप झाला आहे का, हे मोठ्याने बोलून पक्कं करा: न्यूट्रॉन पॉवर पडते आहे, चौदाही शटऑफ रॉड आत आहेत. मग उष्णता कुठे जाते आहे ते पाहा. २२० मेगावॉटच्या युनिटची औष्णिक क्षमता साडेसातशे मेगावॉटच्या पुढे आहे, आणि ट्रिपनंतर तासाभरानेही त्यातले दहाएक मेगावॉट आत तयार होत असतात. ती उष्णता घेऊन जाणारी वाट दाखवता आली की परीक्षक निवांत होतो. सहकाऱ्याने दिलेली सूचना परत उच्चारून मगच कृती करायची ही सवय काहींना शाळकरी वाटते. गोंगाटात ‘उघड’ आणि ‘उघडू नको’ यांतला फरक तीच सवय सांभाळते.

आता झेनॉनबद्दल. कारण इथे भौतिकशास्त्र सोपं आहे आणि परीक्षा अवघड. पूर्ण पॉवरवरून ट्रिप झाला की आयोडीन-१३५ पासून झेनॉन-१३५ तयार होत राहतं, पण ते जाळणारे न्यूट्रॉन थांबलेले असतात. आयोडीनचं अर्धायुष्य साडेसहा तासांच्या आसपास, झेनॉनचं नऊ तासांहून थोडं जास्त. म्हणून झेनॉनचं विष आधी चढत जातं, आणि आपल्या रिॲक्टरमध्ये ट्रिपनंतर साधारण अर्ध्या तासात परत पॉवरवर आलं नाही तर पुढचा दीडेक दिवस युनिट सुरूच होत नाही. हे सगळे उमेदवार धडाधड सांगतात. मी मग विचारायचो: वीस मिनिटं झाली आहेत, ट्रिपचं कारण बहुधा सापडलं आहे, ग्रिडला विजेची गरज आहे आणि फोन सतत वाजतो आहे. रॉड वर घ्याल?

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम घालायचो. कारण नक्की झालेलं नाही तर युनिट पॉइझन-आउट होऊ द्यायचं, आणि त्या दीड दिवसाचं नुकसान आपल्या सहीने लॉगबुकात लिहायचं. टेक्निकल स्पेसिफिकेशन तेच सांगतं. पण तरुण मुलं इथे घुटमळतात. परीक्षकाला कर्तबगारी दाखवावी असं त्यांना वाटतं. समिती मात्र एवढंच पाहत असते की हा माणूस पहाटे चार वाजता, एकटा, वरिष्ठांच्या फोनला ‘नाही’ म्हणू शकेल का. याची तयारी पुस्तकातून होत नाही. तुमच्या शिफ्ट चार्ज इंजिनिअरने असे निर्णय घेतले असतील, तर ते कसे घेतले, तेव्हा त्याच्यासमोर कोणती माहिती होती आणि कोणती नव्हती, हे त्याला शांतपणे विचारा. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते असं विचारलेलं मनापासून सांगत. मला वाटतं बहुतेक जण सांगतात, आपणच विचारत नाही.

माहीत नसलेल्या गोष्टीवर अंदाज बांधू नका. “हे मला आत्ता आठवत नाही, डिझाइन मॅन्युअल पाहून सांगेन” या उत्तराने गुण थोडे कमी होतील. ठोकून दिलेल्या चुकीच्या आकड्याने समितीचा विश्वास जातो, आणि मग बरोबर उत्तरांवरही ‘कशावरून?’ सुरू होतं.

झोपेचं सांगायला हवं. फिरत्या पाळ्यांत अभ्यास करणारी मुलं रात्रपाळी उतरून सरळ वही उघडतात. तसं करू नका. झोपून उठल्यावरचे दोन तास तशा पेंगुळलेल्या चार तासांपेक्षा जास्त देतात. घरच्यांना पाळीचं वेळापत्रक आणि परीक्षेची तारीख दोन्ही सांगून ठेवा. घर शांत ठेवण्याचं ओझं शेवटी त्यांच्यावर पडतं आणि त्यांनाही त्याची तयारी लागते.

लायसन्स मिळाल्यावरही वही बंद करू नका, नूतनीकरणाला तीच लागेल. तिच्यात एक वेगळं पान ठेवा: आपल्या युनिटमध्ये आजवर कोणत्या इंडिकेशनने खोटं दाखवलं, कधी, आणि ते दुसऱ्या कशावरून पकडलं गेलं. हँडओव्हर घेताना समोरच्याला रोज विचारा, आत्ता पॅनलवर कशावर विश्वास ठेवायचा नाही? तो जे सांगेल ते त्या पानावर तारखेसकट उतरवा, आणि तुमच्या हाताखाली नवा उमेदवार आला की चेकलिस्टवर सही करण्याआधी त्यातलं एक उपकरण त्याला जागेवर जाऊन दाखवायला सांगा.