क्रिकेट हा आपला धर्म आहे काय?



'क्रिकेट हा आपल्या देशाचा धर्म आणि सचिन त्याचा देव' हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात काही वावगे आहे असे आता वाटतही नाही. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडे स्टेडियमवर शेवटचा कसोटी सामना संपल्यावर सचिन तेंडुलकरने खेळपट्टीला वाकून नमस्कार केला, तेव्हा घरोघरी टीव्हीसमोर डोळे पाणावले. आमचेही.

धर्माचे बाहेरचे सारे काही खेळात आहे. ठरलेली जागा, एका रंगाचे कपडे, गाणी, उपास, नवससुद्धा. भाईंदरहून लोकलला लटकत चर्चगेटला सामना पाहायला जाणारा तरुण एक प्रकारे यात्रेलाच निघालेला असतो. अर्जेंटिनातील रोझारियो शहरात तर 1998 साली चाहत्यांनी फुटबॉलपटू माराडोनाच्या नावाने चक्क 'चर्च' काढले. त्याचा जन्मदिवस, 30 ऑक्टोबर, हा त्यांचा नाताळ! (शहराचे नाव मात्र आपल्या रोझरीचे.)

मग फरक कोठे आहे? आम्हाला वाटते, हरणाऱ्याकडे पाहिले की तो दिसतो.

मुंबईत एके काळी धर्मावरूनच संघ पडत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. 1937 साली पाचवा संघ आला, त्याचे नाव 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. आपण ख्रिस्ती लोक त्या बाक्यांत. 1943 च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने 581 धावा केल्या आणि 'बाकीचे' 133 धावांत आटोपले. दुसऱ्या डावात त्यांच्या 387 धावा झाल्या. त्यांतील 309 सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती खेळाडूने एकट्याने काढल्या. त्यांचे भाऊ विवेक केवळ 21 धावा करून दुसरे टोक धरून उभे राहिले. तरीही संघ एक डाव आणि 61 धावांनी हरला. धावफलक एवढेच सांगू शकतो. गुड फ्रायडेला आपण ज्याच्या क्रुसाचे चुंबन घेतो, तोही जगाच्या हिशेबाने हरलेलाच होता. पण आपला धर्म तेथून सुरू होतो.

30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करून जेमिमा रॉड्रिग्जने सर्वांसमक्ष प्रभू येशूचे आभार मानले. त्याचे आपल्याला कौतुक वाटले, ते योग्यच. पण त्याच वेळी तिने सांगितले, की स्पर्धेच्या काळात आपण जवळजवळ रोज रडत होतो. ते रडणे घेऊन ती ज्याच्याकडे गेली, तो खेळ नव्हता. (प्रभूने ऑस्ट्रेलियाच्या मुलींना हरवले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये!)

ख्रिस्तसभेचे खेळाशी वैर नाही. संत पौलाने करिंथकरांना धावपटूचाच दाखला दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 29 ऑक्टोबर 2000 रोजी खेळाडूंच्या ज्युबिलीची मिस्सा रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये अर्पण केली. मात्र शरीरसौष्ठव आणि खेळातील यश यांची मूर्तिपूजा होऊ नये, असे धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 2289 बजावतो.

आपल्याकडे हा प्रश्न रविवारी सकाळी उभा राहतो. कोचिंग सात वाजता, मिस्साही त्याच सुमारास. मुलगा गुणी असतो, फी भरलेली असते. 'एक रविवार चुकला तर काय होते?' असे म्हणता म्हणता पावसाळा येतो. अशा पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ती ओढाताण खरी आहे. पण कोचिंग चुकू नये म्हणून आपण गजर लावतो, कोचना फोन करतो. मिस्सेसाठी तेवढी खटपट करतो काय? शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, ही सोय ख्रिस्तसभेनेच दिली आहे. ज्या मुलांचे सामने रविवारी असतात, त्यांच्या पालकांनी धर्मगुरूंशी व धर्मशिक्षकांशी बोलावे. आणि शनिवारी त्यांच्यासोबत स्वतःही यावे.