इपॉक्सीचे ओतकाम चिकट का राहते?

प्रश्न : हळकुंड पारदर्शक इपॉक्सीत बसवून पेपरवेट केले. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला, तरी ते चिकटच राहिले. असे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इपॉक्सीतील हार्डनर हा केवळ वेग वाढवणारा पदार्थ नसून रेझिनच्या रेणूंशी ठरावीक प्रमाणात जोडला जाणारा दुसरा घटक असतो, त्यामुळे तो जादा पडल्यास उरलेला भाग न जोडला जाता आतच राहतो आणि ओतकाम मऊ पडते. डब्यावरील प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, हे म्हणूनच आधी पाहणे अगत्याचे आहे. रेझिनची घनता १.१ आणि हार्डनरची १.० धरल्यास आकारमानाने २:१ असलेले मिश्रण वजनाने १००:४५ भरते. तेच काट्यावर १००:५० तोलले तर हार्डनर दहा टक्क्यांनी वाढतो. मिश्रण तीन-चार मिनिटे सावकाश ढवळावे, कपाच्या कडा व तळ खरवडून घ्यावेत, आणि सर्व दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळावे, कारण कडेला चिकटलेले कच्चे रेझिनच पुढे ठिकठिकाणी चिकट डाग धरते. संपूर्ण तुकडा नरम असेल तर दोष प्रमाणाचा मानावा; मात्र केवळ पृष्ठभागावर मेणचट थर दिसत असेल, तर तो बहुधा साताऱ्या-सांगलीच्या पावसाळी दमट हवेचा परिणाम असून कोमट पाण्याने पुसल्यावर निघतो. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येईल इतके वाळलेले असावे. आतील ओल बुडबुडे व पांढुरकेपणा आणते.