मित्रांचंच ऐकतो ना? मग तिथूनच सुरुवात करू

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना दवाखान्यात आणणाऱ्या पालकांच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोट नेमकं शाळेच्या वेळेलाच दुखतं, कुणाची सारखी चिडचिड चालू असते. तपासून झालं, औषध लिहून झालं की उठता उठता एक वाक्य मात्र बहुतेक जण बोलतात, "डॉक्टर, आमचं काही ऐकत नाही, मित्रांचंच ऐकतो. तुम्हीच सांगा जरा."

मी सांगितलं तरी फारसा फरक पडणार नाही, कारण मीही मोठ्यांच्याच बाजूचा. या वयात मित्रांचं मत जास्त वजनदार वाटणं हा आजार नाही, वाढीचा टप्पा आहे. मेंदूतली बक्षिसाला आणि कौतुकाला प्रतिसाद देणारी यंत्रणा या वयात जोरात चालू असते. परिणामांचा विचार करून लगाम घालणारा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. अमेरिकेत २००५ साली एका प्रयोगात १३ ते १६ वर्षांच्या मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटी असताना ती बऱ्यापैकी सांभाळून खेळली, मित्र शेजारी असताना त्यांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्या माणसांच्या खेळात मित्रांमुळे तसा फरक पडला नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण वाईट संगतीबद्दल बोलतो. पण गुण चांगलाही लागतो. ब्रिटनमधल्या ५९ शाळांच्या एका अभ्यासात, त्यातल्या सुमारे निम्म्या शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारलं गेलं, की तुमच्या वर्गात कुणाचं म्हणणं चालतं? ज्यांची नावं जास्त आली त्यांना सिगारेटविषयी नीट माहिती आणि बोलण्याचं प्रशिक्षण दिलं. भाषण द्यायचं नाही, डबा खाताना, बसमध्ये, गप्पांच्या ओघात बोलायचं, एवढंच त्यांचं काम. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांच्या पाठपुराव्यात या शाळांतल्या मुलांचं धूम्रपान इतर शाळांच्या तुलनेत कमी राहिलं.

म्हणून शाळेत मुलांचे छोटे आधारगट असावेत, असा माझा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत: स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, परिणामकारक संवाद, नातेसंबंध जपणं, ताण हाताळणं आणि भावना हाताळणं. ही यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेता येईल, पण टपरीवर मित्राने पुडी पुढे केली की ती आठवणार नाही. तिथे उपयोगी पडतो तो आधी केलेला सराव.

हा सराव कसा करायचा? आठ ते बारा मुलांचा गट, आठवड्यातून एक ठरलेली तासिका, गोल बसणं आणि दर वेळी तीच मोठी व्यक्ती. विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले घ्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एकीचा फोटो बदलून टाकला. चाचणीत नापास झालो, घरी कसं सांगू? जिवलग मैत्रीण अचानक बोलेनाशी झाली.

समजा, विषय त्या पुडीचाच आहे. एक जण पुडी देणारा, एक नाही म्हणणारा, दोघे चिथावणारे, बाकीचे बघे. पहिल्या फेरीत नाही म्हणणारा खाली बघून हसतो, "नको रे, आई ओरडेल" म्हणतो आणि बाकीचे त्याची टर उडवतात. इथे थांबायचं आणि गटाला विचारायचं, तो कुठे कमी पडला? उत्तरं मुलंच देतात. कारण सांगितलं की वाद वाढतो, म्हणून एकच छोटं वाक्य बोल. मान वर ठेव. बोलून झालं की तिथून निघ. दुसऱ्या फेरीत तोच मुलगा पुन्हा करून पाहतो. तिसऱ्या फेरीत बघ्यांपैकी एकाला फक्त "सोड रे त्याला" एवढंच म्हणायला सांगायचं. या तीन शब्दांनी सगळा प्रसंग फिरतो. गटात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही बघ्याची तयारी, कारण एकट्याने नाही म्हणणं अवघड असतं, एक जण सोबत उभा राहिला की ते बरंच सोपं होतं.

मात्र गट केला की भलंच होतं, असं समजू नका. चुकीचा गट अपायही करतो.

पहिलं पथ्य म्हणजे फक्त 'त्रासदायक' मुलांचा वेगळा गट करू नका. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं, की अशा गटात मुलं एकमेकांच्या उचापतींना हसून दाद देतात आणि त्या वाढतात. गट मिसळलेलाच हवा. पाळी, शरीरातले बदल अशा विषयांपुरते मुलगे-मुली वेगळे बसवले तर मुलं मोकळेपणाने बोलतात.

दुसरं, गटाचा म्होरक्या शिक्षकांनी नेमू नये. आपला हात लगेच मॉनिटरकडे किंवा पहिल्या नंबराकडे जातो. शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा वर्गावर त्यांच्यापेक्षा जास्त वजन राखून असतो. निवड मुलांना करू द्या.

तिसरं, गुप्ततेची हद्द पहिल्याच दिवशी सांगा. गटातलं गटात राहील, पण कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, कुणी कुणाला त्रास देत असेल किंवा लैंगिक छळाची गोष्ट पुढे आली, तर ती मोठ्यांपर्यंत जाणारच. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांना एवढंच शिकवा: ऐकून घे, एकटं सोडू नको, गुपित ठेवू नको, मोठ्या माणसाला सांग. मित्राला वाचवण्याची सगळी जबाबदारी चौदा वर्षांच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

गट चालवायचा कुणी, हा खरा अडचणीचा प्रश्न. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांमध्ये गोव्याच्या 'संगत' संस्थेने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मुलांचे गट, मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रिका, समुपदेशन असा तो एकत्रित कार्यक्रम होता. काही शाळांत तो याच कामासाठी नेमलेल्या, प्रशिक्षित पण व्यावसायिक समुपदेशक नसलेल्या व्यक्तीने चालवला, काही शाळांत शिक्षकांनी. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिकवणं, परीक्षा, सरकारी कामं सांभाळणाऱ्या, गुणही देणाऱ्या आणि शिक्षाही करणाऱ्या माणसापुढे मूल मन उघडेल का, याचा विचार करा. वेगळी व्यक्ती नेमणं शक्य नसेल, तर निदान त्या वर्गाला न शिकवणाऱ्या शिक्षकाकडे गट द्या आणि त्यांचं दुसरं एखादं काम कमी करा. तासिका कुठून आणायची, ही अडचण सांगू नका. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दोन शिक्षकांना प्रशिक्षण आणि आठवड्याला एक तास अपेक्षितच आहे.

आता पालकांसाठी. गटात काय बोललात, अशी उलटतपासणी घेऊ नका. नवं शिकलेलं 'नाही' मूल आधी घरातच वापरून पाहील, तेव्हा त्याला उद्धटपणा म्हणून दाबू नका. आणि गट म्हणजे उपचार नव्हे, हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप किंवा भूक बदलणं, मित्रांपासून तुटणं, अभ्यासात अचानक घसरण यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना भेटा. सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये किशोरवयीनांसाठी सल्ला मिळतो. हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटं ठेवू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, तर मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८.

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका हातात पडण्याआधी चार प्रश्न विचारा. आठवीपासूनच्या मुलांसाठी असा गट आहे का? तो कोण चालवतं, आणि त्यासाठी त्यांना वेळ दिला आहे का? म्होरके कुणी निवडले? एखाद्या मुलाने गंभीर गोष्ट सांगितली तर पुढे कुणाकडे जायचं, हे मुलांना माहीत आहे का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापकांकडून मिळालं, तरी घरी आल्यावर तो आपल्या मुलालाही विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर व्यवस्था अजून फक्त कागदावरच आहे.