मागचं सगळं पुसायला कोणी सांगितलं गं?

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. आधी एक ऐक, फेटिया-कांचळी, तो तुझा बंजारा घागरा-चोळी, पेटीतून काढून बोहारणीला देऊ नकोस. निदान हे वर्ष तरी पेटीला हातच लावू नकोस. याडीनं, तुझ्या आईनं, स्वतः बसून आरसे टाकलेत त्यावर. तुझा बाप्तिस्मा झाला म्हणून तिचं शिवण पाप होत नाही, बघ.

रामनवमीला घरचे सगळे पोहरादेवीला निघतील तेव्हा आपण काय करायचं, हा घोर तुला आत्तापासून लागलाय. अगं, मानोरा तालुक्यात वाढलेल्या पोरीला सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं देऊळ मनातून काढून टाक म्हणणं म्हणजे लहानपणच काढून टाक म्हणणं. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथे नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तांड्यांचा तो इतिहास तुझाही आहे, तो कुणी तुझ्याकडून मागितलेला नाही. पूजेला बसणार नाही, हे याडीला आधीच, चुलीपाशी दोघीच असताना गोडीत सांग. ऐन वेळी पाहुण्यांसमोर नको. पण तिच्याबरोबर पीठ मळ, पंगतीला वाढ, पोरं सांभाळ. तिला वाटतंय लेक गेली. लेक घरातच आहे, हे तिला दिसू दे.

खरं सांगू का, फिलिप्पैकरांस पत्रातलं पौलाचं मागचं विसरून पुढे धावण्याचं बोलणं तुला येताजाता ऐकवलं जातंय, पण त्याच अध्यायात जरा वर वाच. आपण बन्यामीन वंशातले, आठव्या दिवशी सुंता झालेले, परुशी, मंडळीचा छळ करणारे, सगळं त्यानं तिथे सांगितलंय. स्तेफनाला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे आपण राखत होतो, हे तर तो यरुशलेमात भर गर्दीपुढे बोलतो. त्याला सगळं आठवत होतं गं. कुळाचा तोरा त्यानं सोडला आणि त्या रक्ताच्या ओझ्याखाली पडून राहणंही सोडलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाच, मी पाठवते. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. मग स्वतःच्या विचारानं एकेक गाठ सोडवत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि १९३४ साली पुस्तकाचा पहिला भाग आला तेव्हा त्यात काय होतं? सगळं! १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, इथपासून सुरुवात. घरात आलेलं धान्य धुवायचं, मीठसुद्धा धुवायचं! त्या वेडापायी घरातल्या बायकापोरांचे काय हाल झाले असतील, विचार कर. पण बाईंनी वडिलांना कुठे शिव्याशाप दिलेले नाहीत. टिळकांचा तापट स्वभावही लपवलेला नाही आणि त्यांच्यावरची मायाही. तू आत्ता आठवणी धुवायला निघालीस ना, त्याचं त्या मिठासारखं होईल बघ, हाती काही उरणार नाही. टिळकांनीही अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, त्यातूनच ख्रिस्ताचं गाणं गायलं. आज मंडळीत तू म्हणतेस त्यातली कितीतरी गीतं त्यांचीच आहेत.

आता तुझ्या नवऱ्याचं. मंडळीतल्या कुणी सांगितलं की क्षमा केलीस ना, मग पोटगीची केस मागे घे आणि नांदायला जा. नाही. अजिबात नाही. क्षमा केली म्हणजे त्याचं वाईट चिंतणं थांबवलं, रात्री उठून मनातल्या मनात त्याच्याशी भांडणं थांबवलं. हेही एका दिवसात होत नाही, पुन्हापुन्हा करावं लागतं. पण मारणाऱ्या माणसाच्या घरी परत जाणं हा क्षमेचा भाग नाही. तारखेला जा, काय काय झालं ते वहीत क्रमानं लिहून ने, मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स दे.

आणि स्वतःवरचा राग? लग्नाचा हट्ट मीच धरला, असं तू शेवटी लिहिलंस. मला वाटतं तुला खरं तेच जास्त टोचतंय. पेत्राचं बघ. अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर येशूनं समुद्रकाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी भाजली, आणि आधी जेवू घातलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना? त्या रात्रीचा जाब मागितला नाही, पण तो प्रसंग टाळलाही नाही. प्रत्येक उत्तराला काम सोपवलं. म्हणून म्हणते, पोटभर जेव आणि मग प्रार्थनेला बस. उपाशीपोटी स्वतःला कोसत बसू नकोस.

साक्ष द्यायला तुला पुढच्या महिन्यात उभं करणार आहेत ना? आधीचं सगळं अंधार होता, असं म्हणायचा आग्रह झाला तर मान हलवून गप्प बसू नकोस. मारझोड अंधारच होती, ती तशीच सांग, नाव न घेता. पण याडीनं तुला सासरहून उचलून आणलं, रात्रभर उशाशी बसली, तेही सांग. पाळकांना आधी भेटून ठेव. आणि जमलं तर याडीलाच विचार, येतेस का ऐकायला? मागच्या बाकावर बसली तरी चालेल, म्हणावं.